पाळत : एका ग्रंथाच्या निमित्ताने

१

चकलीची बशी शेजारी ठेवून वाचावा असा हा ग्रंथ नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. शोशाना झुबॉफ या अमेरिकन विदुषीचा ‘द एज ऑफ सर्व्हेलन्स कॅपिटॅलिझम’ हा ग्रंथ २०१९ च्या जानेवारीत इंग्रजीत प्रसिद्ध झाला. पृष्ठसंख्या सातशेच्या घरात, आणि त्यातही शंभरावर पाने नुसत्या टिपांची. लेखिकेने हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यवसाय-विद्यालयात दीर्घकाळ अध्यापन केलेले. गिरण्यांत आणि कचेऱ्यांत संगणक शिरला तेव्हा माणसांच्या कामाचे काय झाले, यावर त्यांनी १९८८ मध्येच एक मोठे पुस्तक लिहिले होते. तेव्हा ही बाई हौशी भाष्यकार नव्हे. आयुष्यभर एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करणारी अभ्यासक आहे.

असे पुस्तक सणासुदीच्या अंकात चर्चेला घेण्याचे कारण एवढेच की, त्याचा विषय आज प्रत्येक घराच्या माजघरात येऊन बसला आहे. घरातल्या कोणी मोबाइलवर एकदा उटण्याचा भाव पाहिला, की पुढचे आठ दिवस जो जो मजकूर उघडावा त्याच्या कडेला उटणेच उटणे! सांधेदुखीविषयी दोन ओळी वाचाव्यात, तर तेलांच्या बाटल्या रांगेने उभ्या. हे आपल्याला आता इतके अंगवळणी पडले आहे की, त्याचे नवल वाटत नाही आणि रागही येत नाही. झुबॉफ यांचे म्हणणे असे की, हा राग न येणे हीच या व्यवहाराची सर्वांत मोठी कमाई आहे. ते म्हणणे कितपत पटते आणि कुठे अडते, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

२

ग्रंथाचा मुख्य सिद्धांत थोडक्यात असा. यंत्रयुगातल्या भांडवलदाराला जमीन, खनिजे आणि श्रम ही कच्च्या मालासारखी लागली. या नव्या भांडवलदाराला लागतो तो माणसाचा अनुभव. आपण काय शोधतो, कुठे थांबतो, कोणत्या चित्रावर नजर रेंगाळते, रात्री किती वाजेपर्यंत जागे असतो, हे सारे टिपले जाते. त्यातला काही भाग सेवा सुधारण्याला खर्च होतो. पण पुष्कळसा शिल्लक उरतो. मार्क्सच्या वरकड मूल्याची आठवण व्हावी अशा रीतीने लेखिका या शिलकेला वर्तनाची वरकड म्हणतात. ही वरकड यंत्रांत घालून तिच्यातून भाकिते निघतात : हा माणूस उद्या काय घेईल, कुठे जाईल, कशाला भुलेल. ही भाकिते विकत घेणारे बाजार आहेत, आणि आपल्या ओळखीचा शब्द वापरायचा तर हा माणसांच्या वागणुकीचा वायदेबाजार आहे. गिऱ्हाईक म्हणजे जाहिरातदार. आपण गिऱ्हाईकही नव्हे आणि मालही नव्हे; ज्या शेतातून कच्चा माल निघतो ते शेत आपण.

हा सिद्धांत हवेत उभा नाही. गुगलच्या संस्थापकांनी १९९८ मध्ये विद्यार्थिदशेत लिहिलेल्या निबंधात असे मत दिले होते की, जाहिरातींवर पोसलेले शोधयंत्र जाहिरातदाराकडे झुकणार आणि वाचकाच्या गरजेपासून दूर जाणार. पुढे २००० साली इंटरनेटच्या कंपन्यांचा फुगा फुटला, पैसे घालणारे अस्वस्थ झाले, आणि त्याच वर्षी त्याच संस्थापकांनी जाहिरातींचे दुकान उघडले. २००१ मध्ये साडेआठ कोटी डॉलरांच्या आसपास असलेले कंपनीचे उत्पन्न २००४ मध्ये तीनशे कोटींच्या वर गेले. लेखिकेच्या मते हा चमत्कार चांगल्या शोधयंत्राचा नव्हता. आजवर केराच्या टोपलीत जाणाऱ्या नोंदींची किंमत कळण्याचा होता.

त्या किमतीचा साक्षात्कार सांगणारा एक प्रसंग ग्रंथात आहे तो फार मासलेवाईक आहे. २००२ सालच्या एप्रिलमध्ये एके दिवशी गुगलच्या मंडळींना दिसले की, कॅरल ब्रॅडी या जुन्या मालिकेतल्या पात्राचे माहेरचे आडनाव एकाएकी असंख्य लोक शोधीत आहेत. आणि हा शोधाचा लोंढा लागोपाठ पाच तास, दर तासाच्या अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला उसळतो आहे. उलगडा सोपा होता. आपल्याकडच्या ‘कौन बनेगा करोडपती’चे जे मूळ, त्या प्रश्नमंजुषेत हा प्रश्न विचारला गेला होता, आणि अमेरिकेतल्या निरनिराळ्या कालविभागांत कार्यक्रम तासातासाच्या अंतराने दिसत होता. एक अख्खा देश सोफ्यावर बसून काय करतो आहे, हे दुसरीकडे बसलेल्या चार माणसांना घड्याळाच्या काट्यासह दिसले. देशाला मात्र ती चार माणसे दिसली नाहीत. या एका प्रसंगात ग्रंथाचे सार आहे असे मला वाटते.

यंत्राची दुसरी बाजू ग्रंथात विखुरलेली आहे, ती इथे एकत्र सांगणे सोयीचे होईल. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी कुकी नावाची युक्ती काढली. कुकी म्हणजे संकेतस्थळाने आपल्या यंत्रावर ठेवलेली लहानशी चिठ्ठी. हेतू साधा होता : दुकानात टोपलीत घातलेल्या वस्तू पान बदलले तरी टोपलीतच राहाव्यात. पण एकाच पानावर जाहिरात पुरविणारा तिऱ्हाईतही आपली चिठ्ठी ठेवू लागला. आणि त्याच्या जाहिराती हजारो स्थळांवर असल्यामुळे आपण कोणकोणत्या दारांतून आत-बाहेर केली याचा माग त्याच्या हाती आला. इंटरनेटचे तांत्रिक दंडक ठरविणाऱ्या मंडळींना हा धोका वेळीच कळला होता. अशी तिऱ्हाइताची चिठ्ठी मुळात नाकारावी, असे त्यांनी फेब्रुवारी १९९७ मध्ये लिहून ठेवले. ते कोणी ऐकले नाही. आज आपण एखादे पान उघडतो, तेव्हा ते पुरते उमटण्याआधी, सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, आपल्या नजरेचा लिलाव पुकारला जाऊन मोडलेलाही असतो.

३

या पुस्तकाचा मोठा गुण म्हणजे नव्या गोष्टीला जुन्या नावाने हाक मारण्याचा मोह त्यात टाळला आहे. आरंभीच लेखिकेने आपल्या घरावर वीज कोसळली तो प्रसंग दिला आहे. घर पेटले असता, धुराने खोल्या खराब होऊ नयेत म्हणून त्या दारे लावीत सुटल्या, चित्रांचे आल्बम गोळा करू लागल्या. घर पुढेही उभे राहणार, हे त्यांनी गृहीत धरले होते. अग्निशामक दलाच्या माणसाने त्यांना बाहेर ओढले आणि पाठोपाठ घर उडाले. अभूतपूर्व संकट पूर्वानुभवाच्या मापाने मोजले की माणूस दारे लावीत बसतो, हा त्यांचा मुद्दा. मक्तेदारी, खाजगीपणा हे जुने शब्द इथे अपुरे पडतात, ते का, हे या दृष्टांताने चटकन उमजते.

दुसरे उदाहरण संमतीचे. १५१३ साली स्पेनच्या दरबारातून एक घोषणापत्र निघाले. नव्या मुलखात उतरणाऱ्या शिलेदारांनी ते तिथल्या रहिवाशांना वाचून दाखवायचे : शरण या, नाहीतर जे होईल त्याचा दोष तुमच्याच माथी. घोषणापत्र स्पॅनिशमध्ये आणि ऐकणाऱ्यांना स्पॅनिशचे अक्षर ठाऊक नाही! कधी ते जहाजावरूनच पुटपुटले जाई, तर कधी रात्रीच्या अंधारात. विधी पुरा झाला की लूट कायदेशीर. ‘मला मान्य आहे’ या बटणाची वंशावळ लेखिका इथपर्यंत नेतात, आणि ती मला अतिशयोक्त वाटत नाही. घरातली उष्णता राखणाऱ्या एका साध्या उपकरणाशी निगडित सगळे करार वाचायचे तर जवळजवळ एक हजार करार वाचावे लागतील, असा लंडनच्या संशोधकांचा हिशेब त्यांनी दिला आहे. हजार करार वाचून संमती देणारा गृहस्थ अजून जन्माला यावयाचा आहे.

या व्यवहारावर नेहमीचा आक्षेप असा येतो : ‘आमचा वाणीही आम्हांला ओळखीतच होता की! घरी पाहुणे आले की त्याला आधी कळे. साखर जास्त गेली की तो लग्नकार्य ओळखी. मग आताच एवढा गहजब कशाला?’ आक्षेप वरवर बिनतोड आहे. वाणी काही संत नव्हता. पेठेतल्या निम्म्या बातम्या त्याच्याच तराजूवरून हलत. पण आपणही त्याला ओळखीत होतो. त्याचे माप कुठे मारते, त्याचा मुलगा कोणत्या इयत्तेत नापास झाला, हे आपल्याला ठाऊक होते. त्याने चारचौघांत आगाऊपणा केला तर त्याला चारचौघांतच गप्प करता येत होते. ओळख दोन्ही बाजूंची होती आणि लाजही. नव्या वाण्याला आपण दिसतो. तो आपल्याला दिसत नाही.

याचे परिणाम किती खोल जातात याचे एक उदाहरण या ग्रंथाबाहेरचे आहे, पण घराघरांत समजेल असे आहे. चार्ल्स डुहिग या पत्रकाराने २०१२ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या मासिक-पुरवणीत टार्गेट या अमेरिकन दुकानदार कंपनीची हकीकत लिहिली. बिनवासाचे मलम, कॅल्शियम-झिंकच्या गोळ्या अशा सुमारे पंचवीस वस्तूंच्या खरेदीवरून कोणत्या स्त्रीला दिवस गेले आहेत, याचा अंदाज ही कंपनी बांधू लागली. बाळंतपणाच्या वस्तूंच्याच सवलती धाडल्या तर बायका बिचकतात, असे कंपनीच्या ध्यानात आले. तेव्हा काय केले? पाळत थांबविली नाही; लंगोटांच्या शेजारी गवत कापण्याच्या यंत्राची जाहिरात घालू लागले, म्हणजे सारे योगायोगाने आल्यासारखे दिसावे.

आपल्याकडे तिसरा महिना उलटेपर्यंत ही गोष्ट चारचौघांत बोलू नये अशी रीत आहे. त्या रीतीला कोणी अंधश्रद्धा म्हणोत. तिच्यात एक मोठे शहाणपण आहे. ही बातमी त्या बाईची आहे. ती कोणाला, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या शब्दांत सांगायची, हा अधिकार तिचा आहे. आधी नवऱ्याला, मग आईला, मग सासूबाईंना. आणि डोहाळजेवणापर्यंत सगळ्या आळीला. या क्रमात नात्यांची सारी वीण आहे. दुकानाने त्या क्रमात मधेच, न विचारता, पहिला नंबर लावला. झुबॉफ यांनी माणसाच्या आतल्या आसऱ्याच्या हक्काविषयी पुष्कळ पाने लिहिली आहेत. त्यांचा अर्थ मला या एका उदाहरणात अधिक स्पष्ट दिसतो.

४

आता दोषांकडे वळावयास हवे. पहिला दोष भाषेचा. लेखिकेला नवी नावे ठेवण्याचा सोस आहे. एक संज्ञा वाचकाच्या गळी उतरते न उतरते तोच दुसरी उभी. शिवाय चढाई, लूट, बंड, सत्तापालट अशा युद्धाच्या प्रतिमांचा इतका भडिमार आहे की शेवटी कानाला दडे बसतात. बहुतेक प्रकरणांच्या शिरोभागी ऑडेनच्या सुनीतांतल्या ओळी घातल्या आहेत. त्या चांगल्या आहेत. पण त्यांच्या संयमाने खालच्या गद्याचा असंयमच उठून दिसतो. जे तीनशे पानांत ठसले असते ते पाचशेंत पसरले आहे.

दुसरा दोष विचाराचा, आणि तो अधिक गंभीर आहे. इव्हगेनी मोरोझोव्ह यांनी २०१९ मध्येच दीर्घ परीक्षण लिहून दाखवून दिले की, लेखिकेचा रोख पाळतीवर आहे तितका भांडवलशाहीवर नाही. जुन्या कारखानदारीकडे त्या काहीशा हळवेपणाने पाहतात. हे मला मान्य आहे. कोरी डॉक्टोरो यांचा २०२० मधला आक्षेप निराळा : या कंपन्या माणसाचे मन हवे तसे वळवू शकतात, ही त्यांनी जाहिरातदारांपुढे मारलेली बढाई लेखिकेने खरी मानली आहे, वस्तुतः त्यांचे बळ मंत्रात नसून मक्तेदारीत आहे. हाही आक्षेप निम्मा बरोबर आहे. जोडा घेऊन झाल्यावर महिनाभर तोच जोडा दाखविणाऱ्या यंत्राला सर्वज्ञ म्हणावयाचे तरी कसे?

पण निम्माच. कारण यंत्राचा नेम चुकतो म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने एक आठवडाभर ६,८९,००३ लोकांच्या पुढ्यात येणाऱ्या मजकुरात, त्यांना न सांगता, आनंदाचे वा दुःखाचे माप कमी-जास्त करून पाहिले, आणि २०१४ मध्ये त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. परिणाम अगदी क्षीण होता, हे खरे. परंतु मला परिणामापेक्षा त्यामागची वृत्ती महत्त्वाची वाटते. पावणेसात लाखांहून अधिक माणसांच्या मनाला हात लावावयाचा, आणि त्यांच्यापैकी एकालाही विचारण्याची गरज वाटू नये! चोराला तिजोरी उघडता आली नाही म्हणून तो घरात शिरलाच नव्हता असे होत नाही.

५

माझी स्वतःची तक्रार मात्र या दोन्ही टीकाकारांहून वेगळी आहे, आणि ती समीक्षकाची तक्रार आहे. लेखिकेने जाहिरातीच्या अर्थशास्त्राचा कसून विचार केला. जाहिरात हा मजकूर आहे आणि त्यालाही वाचकवर्ग असतो, याचा विचार जवळजवळ केलाच नाही.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपला हा वार्षिक वाङ्मयोत्सव जाहिरातींच्या आधारानेच उभा आहे. त्या जाहिरातींत थापा काय कमी असत? पण थाप असली तरी ती उघड असे. एकच जाहिरात कारकुनाला दिसे, शिक्षकाला दिसे, सासूला दिसे आणि सुनेलाही दिसे. म्हणून तिच्यावर घरात विनोद होत, नकला होत, तिची वाक्ये म्हणींसारखी तोंडी बसत, आणि प्रसंगी कोणी संपादकाला खरमरीत पत्रही लिही. सर्वांनी एकच पाठ वाचला आहे, ही सगळ्या समीक्षेची पहिली अट असते. ज्या मजकुराचा प्रत्येक वाचकाला निराळा पाठ मिळतो आणि दुसऱ्याचा पाठ पाहण्याची सोय नसते, त्याची समीक्षा कोणी आणि कशी करावी?

हा केवळ वाङ्मयीन प्रश्न नव्हे. अमेरिकेत वर्ण, धर्म वगैरे पाहून घर नाकारण्यास १९६८ च्या कायद्याने बंदी आहे. वर्तमानपत्रात कोणी तशी जाहिरात दिली तर ती साऱ्या गावाला दिसेल आणि तो पकडला जाईल. परंतु घरांच्या जाहिराती विशिष्ट वंशाच्या लोकांना दिसूच नयेत अशी निवड फेसबुकवर करता येते, हे २०१६ मध्ये प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या पत्रकारांनी उघडकीला आणले. २०१९ मध्ये तिथल्या सरकारी गृहनिर्माण खात्याने कंपनीवर आरोप ठेवले, आणि २०२२ च्या जूनमध्ये न्यायखात्याशी तडजोड होऊन कंपनीला आपली एक निवडयंत्रणा बंद करणे कबूल करावे लागले. यातले मर्म असे की, ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना तो दिसला नव्हता. आपल्याकडे एखाद्या इमारतीवर ‘फक्त अमुकांनाच जागा’ अशी पाटी लागली तर ती वाचून संताप येतो, भांडण होते, वर्तमानपत्रात पत्र येते. अदृश्य पाटीशी भांडता येत नाही.

आणखी एका ठिकाणी हा ग्रंथ आपल्या घरांपर्यंत पोहोचत नाही. त्यातला माणूस एकटा आहे : त्याची खोली, त्याचे यंत्र, त्याचे मन. आपल्या पुष्कळ घरांत एकच मोबाइल आजोबांच्या हातातून नातवाच्या हाती आणि तिथून सुनेच्या हाती फिरत असतो. त्यातून गमती होतात. आजोबांना पतंगाचा मांजा आणि नातवाला कवळी दाखविली जाते. पण मुलीने घाबरत घाबरत शोधलेल्या दुखण्याचे औषध वडिलांच्या डोळ्यांपुढे नाचू लागले, तर ती गंमत राहत नाही. जे तिने अजून आईलाही सांगितले नाही ते जाहिरातीने सांगितले. खाजगीपणा म्हणजे एकट्याची चैन, असा आपल्याकडे एक समज आहे. एकत्र कुटुंबात त्याची गरज कमी नसते, उलट जास्त असते. कारण तिथे जे मिटवून घ्यायचे ते रोज एका ताटाशेजारी बसून मिटवायचे असते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले की, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम जाहीर होऊन मुख्य बंधनांना अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. या कायद्यात सरकारी खात्यांना दिलेल्या सवलती फार सैल आहेत, ही टीका रास्त आहे. परंतु त्यातल्या दोन तरतुदी मला मोलाच्या वाटतात. अठरा वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवून त्यांना नेम धरून जाहिराती दाखविण्यास मनाई आहे. आणि संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषांत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय द्यावी लागणार आहे. पाचशे वर्षांपूर्वीचे ते स्पॅनिश घोषणापत्र आठवले म्हणजे या दुसऱ्या तरतुदीचे महत्त्व कळते. मात्र ती मराठी माणसाला समजेल अशी असली पाहिजे. सरकारी खलित्यांतली मराठी वापरली गेली, तर स्पॅनिशच बरी होती असे म्हणण्याची पाळी येईल. इथे आपल्या लेखकांना आणि भाषांतरकारांना खरोखर करण्यासारखे काम आहे.

सारांश, झुबॉफ यांचा ग्रंथ लांबट आहे, शब्दबंबाळ आहे आणि शत्रूच्या बढाईवर वाजवीपेक्षा अधिक विश्वास टाकणारा आहे. तरीही मी तो महत्त्वाचा मानतो. ज्याला आपण सोय म्हणत होतो त्याला त्यांनी व्यवहार म्हटले, आणि त्या व्यवहारात आपली सही कुठे आहे ते दाखवा, असे ठणकावून विचारले. एवढे धाडस फार थोड्या पुस्तकांत असते. ज्यांना इंग्रजी वाचण्याचा सराव आहे त्यांनी निदान पहिला भाग वाचावा. बाकीच्यांसाठी कोणीतरी याचा तीनशे पानांचा नेटका मराठी संक्षेप करावा.

कागदावरचा हा अंक आपण चाळीत असाल, तर कोणती कथा अर्ध्यावर सोडलीत, कोणत्या कवितेपाशी थबकलात आणि या लेखाची किती पाने न वाचताच उलटलीत, हे त्याला कळणार नाही. संपादकांना ते ठाऊक नाही, जाहिरातदारांना नाही आणि मलाही नाही. वाचकाचा हा जुना हक्क आहे. तो हक्क आहे याची आठवण राहावी, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.